नाकेदारांचं समुद्रातलं बीट

नाकेदार काकाजींनी आठ दिवस माझ्या जागी टॉवर राखला, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात कुरकुरच जास्त आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा पोरगा उपकार विसरलेला दिसतो. विसरलेलो नाही. पण त्या माणसाने माझं डोकं खाल्लं हेही खरं आहे, आणि ते मी खोटं कशाला बोलू.

घर वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत, स्लॅबचं. स्लॅबवर मोबाइलचा टॉवर, टॉवरच्या बुडाशी जनरेटर, आणि जनरेटरशेजारच्या पत्र्याच्या खोलीत मी. नववी नापास झालो, शाळेचं नाव टाकलं आणि कुडाळकडच्या आमच्या समुद्राकाठच्या गावातून टॉवर उभारणाऱ्या एका टोळीबरोबर निघालो. आईला सांगितलं होतं, कुडाळला जाऊन येतो. टोळी हिंडत हिंडत वर्ध्याला पोचली, टॉवर उभा झाला, टोळी पुढे गेली आणि मला रखवालदार म्हणून ठेवून गेली. वीज गेली की जनरेटर चालू करायचा, आली की बंद करायचा, डिझेल किती उरलं ते रजिस्टरात लिहायचं. सुपरवायझर मोटरसायकलवर कधीही टपकायचा. जागेवर दिसला नाहीस तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या धास्तीने मी तीन वर्षं दाढीसुद्धा खोलीतच केली.

खाली घरमालक म्हणजे नाकेदार काकाजी. जंगलात ठरलेल्या भागावर, म्हणजे बीटवर, पायी फिरणाऱ्या गार्डला तिकडे नाकेदार म्हणतात. काकाजींची सगळी नोकरी आष्टीकडच्या जंगलात गेली होती. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी डोक्यावरची खाकी टोपी उतरली नव्हती. काकू म्हणायच्या की आंघोळीला जाताना तेवढी खुंटीला अडकवतात, आणि तीही आतून दिसेल अशा खुंटीला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं डिझेलचं रजिस्टर मागून घेतलं. त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चष्मा पुसून दोन पानं वाचली आणि विचारलं, ‘वेळ कुठं हाय?’ मी म्हटलं, तारीख आहे की. ‘वेळेबिगर नोंद म्हंजे गप्पा. गप्पा मारायले कंपनी तुले पगार देते का?’ तेव्हापासून मी मिनिटं लिहायला लागलो. मिनिटं लिहिली तर वारा कुठून होता ते लिही म्हणाले. डिझेलला वाऱ्याचं काय, असं विचारलं तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवं झाड तोडलं होतं.

असा हा माणूस. त्याच्या हाती व्हिडीओ गेम पडला.

पुण्याचा नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. गेमपायी अभ्यास बुडतो म्हणून आईने दम भरला, तेव्हा त्याने तो हातात मावणारा डबा आजोबांकडे ठेवला. जाताना सांगून गेला, ‘आजोबा, सगळे पकडलेत, एकच राहिलाय. समुद्राखालच्या गुहेत असतो. तेवढा पकडून ठेवा, मी दिवाळीला येतो.’ काकाजींनी हे तोंडी सांगणं वरिष्ठांचा लेखी आदेश आल्यासारखं घेतलं. कोरी वही आणली, रजिस्टरासारख्या रेघा आखल्या आणि कामाला लागले.

गेम म्हणजे काय, तर पडद्यावरचा एक पोरगा देशभर हिंडतो. गवतातून, गुहांतून, पाण्यातून तऱ्हेतऱ्हेची जनावरं निघतात. त्यांना दमवायचं, जाळं टाकायचं, पकडायचं. जगातली सगळी पोरं हेच करतात. नातवाने मेहनतीने शेकड्याने जनावरं जमवली होती. काकाजींनी पहिल्या पंधरा दिवसांत ती एकेक करून सोडून दिली. म्हणजे नुसती सोडली नाहीत. जे जनावर जिथे सापडलं त्या गवतापर्यंत पडद्यावरच्या पोराला चालवत नेलं, तिथे सोडलं, आणि वहीत लिहिलं: स्थळ, वेळ, नर की मादी ते समजले नाही.

‘काकाजी, तो पकडायचा खेळ आहे,’ मी म्हटलं.

‘आपलं काम पाहाचं हाय, धराचं नाई,’ ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दूधवाला म्हैस विकायची गोष्ट काढायचा तेव्हाही हेच ऐकवायचे.

त्या डब्याच्या पडद्याला आतून उजेड नव्हता. ऊन पडलं तरच चित्र दिसायचं. त्यामुळे काकाजी सकाळी दहाला अंगणात बाज टाकत आणि उन्हामागे बाज सरकवत सरकवत चार वाजता संडासाच्या भिंतीपाशी पोचत. जूनपर्यंत वर्ध्याचं ऊन काय असतं ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको, आणि दुसऱ्याला सांगून पटायचं नाही. काकू आतून ओरडायच्या, ‘लू लागून मरान एखाद्या दिवशी, अन् लोक पुसतीन कायनं गेले, तं मी काय सांगू?’ काकाजी डोक्याला पंचा गुंडाळून, त्यावर टोपी ठेवून, पडद्यातल्या एखाद्या जखमी जनावराला विश्रांती म्हणून दोन दिवस गेमच बंद ठेवत. आणि मग ते दोन दिवस माझ्या डोक्यावर येऊन बसत, कारण त्यांना दुसरा उद्योग उरत नसे.

इंग्रजी वाचायला मीच होतो. नववी नापास. एकेक अक्षर जुळवून मी वाचायचो आणि काकाजी ‘पुढं’ म्हणायचे. आपल्या मुलाच्या जुन्या डिक्शनरीत शब्द शोधायला लावायचे. जनरेटर सुरू करायला धावलो तर वर येऊन, त्या धडधडाटात, कानाशी तोंड आणून विचारायचे, ‘त्या हिरव्या किड्याच्या खाली काय लिवलं हाय?’

श्रावणात एकदाचे ते समुद्राखालच्या गुहेत पोचले. आम्ही दोघे बाजेवर पडद्याला डोळे लावून बसलो होतो. गुहेच्या टोकाला तो उभा होता. पाठ कासवाची, मान सांबरासारखी लांब, पाठीवर शेवाळ आणि शेवाळात उगवलेलं एक झाड. हलत नव्हता, हल्ला करत नव्हता. पुढे जाऊन बटण दाबलं तरच लढाई सुरू होणार होती, एकदाच, आणि नेहमीसाठी. गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याचं नाव लांबलचक होतं, ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. पण नावाखालची ओळ मी डिक्शनरीत बघून लावली. तो तिथल्या समुद्राची रक्षा करतो, असं होतं.

‘म्हणजे राखणदार,’ मी सहज बोलून गेलो.

तिथे चुकलो. राखणदार म्हणजे काय, कुठे असतो, कोणी नेमला, हे सुरू झालं. मी सांगितलं की आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. आमचा माडाच्या राईपलीकडे मोठ्या आंब्याखाली आहे. मूर्ती नाही, पाषाण आहे. बाहेरगावी निघालेला माणूस त्याच्यापुढे नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने उभ्याउभ्या सगळं सांगतो: मी अमक्याचा मुलगा, तमक्या कामाला चाललो, मागे घर सांभाळ, मला सुखरूप परत आण. वर्षातून एकदा, भात कापून झाल्यावर, प्रत्येक घराने त्याची राखण, म्हणजे त्याचा वर्षाचा मान, द्यायची. घरातल्या कर्त्या पुरुषाने.

काकाजींनी विचारलं, ‘तू निंगाला तवा सांगतलं होतं त्याले?’

मी जनरेटर बघायला वर निघून गेलो. वीज होती.

सांगितलं नव्हतं. आईलाच खोटं सांगून निघालेला माणूस राखणदाराला काय सांगणार? पहाटे त्या आंब्याकडे न बघता पुढे गेलो होतो. तीन वर्षांत जे जे वाईट झालं, टायफॉइड झाला, हात भाजला, टोळीने मागे टाकलं, त्या प्रत्येक वेळी मला तो आंबा आठवला. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. काकाजींना तर मुळीच नाही. पण जंगलात चाळीस वर्षं पाऊलखुणा बघितलेला माणूस, त्याला जिना चढणाऱ्याच्या पाठीवरून कळलं असणार.

तेव्हापासून त्यांचा रोजचा क्रम ठरला. ऊन आलं की गेम चालू करायचा, राखणदारासमोर जाऊन उभं राहायचं, वहीत लिहायचं: ‘जागेवर हजर. शांत.’ आणि बंद करायचा. भाद्रपद गेला, दसरा गेला. आणि मधल्या वेळात मला समुद्राबद्दल प्रश्न. काकाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी कुठून सुरू होतं? काठाला चिखल असतो की मुरूम? आणि एक प्रश्न तर इतक्या वेळा, की मी झोपेतून उठलो तरी तोच कानात असायचा: ‘दुपारी आवाज करते का थो? का झोपून राह्यते?’ मी म्हणायचो, करतो. ते म्हणायचे, नक्की? वेळ पाहिली होती? मी गावात जन्म काढला होता, पण समुद्राचा आवाज ऐकताना घड्याळ कोण बघतो?

दिवाळीला पंधरा दिवस होते तेव्हा खाली काकाजींच्या फोनवर आईचा फोन आला. वर्षात दोनतीनदा यायचा, गावच्या दुकानातून. बाबा गेल्यापासून आमच्या घरची राखण माझे काका देत होते. यंदा काका मुलाकडे मुंबईला गेले, ते आता तिकडेच राहणार. आई म्हणाली, दिवाळी झाली की राखण आहे. आपल्या घरातून कोणी नाही. ‘तू येतलस मां?’

मी म्हटलं, रजा मिळत नाही. ते खरंच होतं. जायला दोन दिवस, यायला दोन, मध्ये चारतरी हवेत. आठ दिवस. मला इथून आठ तास हलायची सोय नव्हती. मागे दुकानात कोणीतरी साखर मागत होतं, ते ऐकू येत होतं. मग तिनेच फोन ठेवला.

काकाजी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं नख कापत होते.

त्यानंतर चार दिवसांनी ते आणि काकू साखरपुड्यासाठी देवळीला गेले. जाताना गेम माझ्या हातात दिला. ‘ऊन आलं का हजेरी घेजो. पाह्यजो फक्त.’

मी का केलं ते अजून नीट सांगता येत नाही. वैताग होता, हे एक. नातू दिवाळीला येणार, त्याची शेकडो जनावरं म्हाताऱ्याने उधळून टाकलेली, निदान हा एक तरी त्याच्या हातात पडावा, असंही वाटलं. आणि तो पडद्यात मान वर करून माझ्याकडे बघत उभा होता, रोजच्यासारखा. काही विचारत नव्हता. मला ते बघणं सहन होईना. मी बटण दाबलं. सबंध गेममध्ये एकच सोनेरी जाळं मिळतं, त्यातून कोणी सुटत नाही. काकाजींनी ते वहीत ‘शिल्लक साहित्य’ म्हणून नोंदवून ठेवलं होतं. ते टाकलं. तो एका दमात आत गेला. टुणटुण संगीत वाजलं. गेमने विचारलं, इथपर्यंतचं जपून ठेवू? मी हो म्हटलं.

मग गुहा रिकामी दिसली.

संध्याकाळी काकाजी आले. पायातल्या चपला काढायच्या आधी म्हणाले, हजेरी? मी डबा पुढे केला. उजेड जात आला होता. ते भिंतीपाशी, जिथे थोडं ऊन उरलं होतं तिथे जाऊन उभे राहिले. ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. तीन वर्षांत डिझेलच्या एका थेंबावरून माझी शाळा घेतलेला माणूस. ते ओरडले नाहीत.

‘पुसलं होतं त्याले?’ एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, ‘काकाजी, खेळ आहे तो.’

‘खेळच हाय. पण आता तिथं कोन हाय?’

आमच्या गावात तो पाषाण कोणी उचलून घरी नेला असता तर मी काय म्हटलं असतं, तेच माझ्या मनात आलं.

सोडून देऊ या म्हणाले. मी पुस्तिका आणली, डिक्शनरी आणली, आणि पहिल्यांदा कोणी न सांगता सबंध पान लावून वाचलं. सोडलेला राखणदार पुन्हा कुठेच दिसत नाही. साधी जनावरं गवतात परततात, हा नाही. म्हणजे ठेवला तरी गुहा रिकामी, सोडला तरी रिकामी. काकाजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. काकू मला म्हणाल्या, ‘काय करून ठेवलं बापू तू? साखरपुड्यात जिलब्या खाऊन आला मानूस, अन् आता पानी घेऊन नाई राह्यला.’ मी वर जाऊन सामान बांधायचं का, याचा विचार करत बसलो. घरमालकाला दुखावून टॉवर कोणाच्या जिवावर राखणार?

सकाळी दहाला बाज अंगणात पडली होती. काकाजींनी पडद्यातला पोरगा पुन्हा गुहेत नेला होता. समुद्र ओलांडून, बोगदा उतरून, राखणदार ज्या चौकोनात उभा असायचा नेमक्या त्या चौकोनात पोराला उभं केलं, तोंड त्याच दिशेला. राखणदार पोराच्या थैलीत. तिथेच जपून ठेवलं आणि डबा बंद केला. वहीत लिहिलं: ‘मूळ जागेवर परत. सोबत एक इसम.’

‘आता हा पोट्टा इथून हालत नाई,’ ते म्हणाले. ‘बीट सुटलं नाई पाह्यजे.’

गेम संपला होता. त्यानंतर कोणी तो खेळला नाही.

नातू दिवाळीला आला. त्याच्याकडे नवा गेम होता, उजेडवाला. आजोबांनी घाबरत घाबरत डबा पुढे केला. त्याने पाहिलं, पकडला ना, बस मग, म्हणाला, आणि या नव्या भागात याच्यापेक्षा भारी आहे, असं सांगून फराळाच्या ताटाकडे वळला. डबा ठेवा तुमच्याकडेच. काकाजी माझ्याकडे बघत राहिले. आम्ही दोघांनी दहा दिवस ज्याच्यापायी झोप घालवली होती ते पोराने अर्ध्या मिनिटात निपटलं होतं.

भाऊबीज झाली त्या दिवशी ते जिना चढून वर आले. गुडघे दुखत असत, एरवी खालूनच हाक मारायचे. जनरेटरजवळच्या डिझेलच्या कॅनवर बसले.

‘तुमच्या गावचा अजून जागेवरच हाय नं?’

‘असेल की.’

‘त्याले कोनी नेलं नाई?’

‘त्याला कोण नेणार काकाजी?’

‘मंग जाऊन ये. आपल्या हातानं एक बिघडला. दुसरा वाट पाहून राह्यला.’

मी सुपरवायझरचं सांगितलं. नोकरी जाईल, जिथे आहे तिथूनही उठेन, गावात तोंड दाखवायला तरी काय उरेल. बोलता बोलता रडू आलं, ते वैतागाचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

‘मी बसतो इथं,’ म्हणाले. ‘फक्त खोटं लिवणार नाई रजिस्टरात. ते सांगून ठेवतो.’

ही मदत की सूड, मला कळेना. खोटं लिहिणार नाही म्हणजे मी नाही हे कागदावर येणार. पण त्यांनी खिशातून तिकीट काढलं. त्या गुडघ्यांनी स्टेशनवर जाऊन, रांगेत उभं राहून काढलेलं. वर तंबी दिली, ‘दुपारी आवाज करते का पाहून येजो. वेळ टाकजो.’

मी गेलो. आई दारात होती, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. राखणीच्या दिवशी आंब्याखाली नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. मी अमक्याचा मुलगा. तीन वर्षांमागे न सांगता गेलो. माफी कर. मग सगळ्या गावासमोर, लाज सोडून, आणखी एक सांगितलं: वर्ध्याला एक राखणदार माझ्या हातून जागचा हलला, तुझ्या जातीचा होता, त्याचंही पोटात घाल. आणि तिथे माझ्या जागी एक म्हातारा बसलाय, त्याची राखण कर. मागे उभ्या असलेल्या माणसांनी कोण म्हातारा, कुठला राखणदार, हे न विचारता ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आई पदराने डोळे पुसत होती. नंतर म्हणाली, काय समजलं नाही, पण बरं वाटलं.

परत आलो. जिन्याखालीच काकूंनी सांगितलं की पाचव्या दिवशी सुपरवायझर आला होता. रजिस्टर उघडलं तर वर लिहिलेलं: ‘मूळ रखवालदार देवकार्यास गावी. बदली: मी, निवृत्त नाकेदार.’ सुपरवायझर तापला, हे चालत नाही म्हणाला. काकाजींनी खुर्चीवरून न उठता त्याला सांगितलं, ‘टावर माह्या स्लॅबवर हाय. मी माह्या घरावर बसून राह्यलो. तुले उठवता येत असन तं उठव.’ मग रजिस्टर पुढे करून भेटीची वेळ टाकून सही कर म्हणाले. त्याने केली. आठ दिवसांची पानं मी पाहिली. डिझेल, मिनिटं, आणि वारा. माझ्या नोकरीबद्दल पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही.

मी त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. ‘दुपारी बारा चाळीस. आवाज आहे. वारा पश्चिमेचा.’ त्यांनी ती दोनदा वाचली, वहीत चिकटवली, आणि ‘बरं’ म्हणाले. मला वाटलं आता तरी प्रश्न थांबतील. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, ‘कोकण्या, अन् एक वाजता?’

आता मी रायपूरकडे आहे, टॉवरच्याच कामावर, दहा टॉवर माझ्याकडे आहेत. काकाजींना फोन करतो. ते दर महिन्याला त्या डब्यातले पेन्सिल सेल बदलतात, राखणदार उपाशी राहू नये म्हणून. आतल्या आठवणीला ते सेल लागतच नाहीत, हे मला ठाऊक आहे. सांगत नाही. गावी चला, समुद्र दाखवतो, असं मी त्यांना वीसवेळा तरी म्हटलं असेल. प्रत्येक वेळी तेच: ‘अन् मंग इथं कोन राहीन?’ असा राग येतो की फोन आपटावा.

पण त्याचंही उत्तर मला आता सापडलं आहे. कधीतरी रजा काढून मी बोरगाव मेघेला जाईन. काकाजींना आणि काकूंना गाडीत बसवून देईन. पलीकडे स्टेशनवर आई उभी असेल, ती त्यांना समुद्रावर नेईल, दुपारी बाराच्या आत. आणि मी मागे त्यांच्या बाजेवर बसेन, आठ दिवस, ऊन सरकेल तशी बाज सरकवत. रोज डबा चालू करीन, हजेरी घेईन, वहीत लिहीन. वेळ टाकून.